भिस्त कोणावर?

१७ ऑक्टोबर २०२५ रोजी नाशिकजवळच्या ओझर येथील कारखान्यात बांधलेले पहिले 'तेजस मार्क-१ ए' लढाऊ विमान आकाशात झेपावले. ते पाहून महाराष्ट्रातील माणसाला अभिमान वाटला असेल, तर तो सर्वथा योग्य होता. १९६२ च्या नोव्हेंबरात, देश पराभवाने खचला असताना, यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीस गेले आणि त्यांच्याच कारकीर्दीत, १९६४ मध्ये, ओझरच्या या कारखान्याची स्थापना झाली. तेथे आधी रशियन आराखड्याची मिग विमाने तयार झाली, पुढे सुखोई तयार झाली; आणि आता आपल्याच अभियंत्यांनी आखलेले विमान तेथून बाहेर पडू लागले आहे. साठ वर्षांची ही वाटचाल सामान्य नव्हे. तथापि, त्या सोहळ्यातील टाळ्यांच्या कडकडाटात एक गोष्ट विसरून चालणार नाही. विमान आपले असले तरी त्याच्या पोटात धडधडणारे इंजिन अमेरिकेचे आहे.

ही केवळ तांत्रिक बाब आहे, असे कोणी म्हणेल. वस्तुतः तसे नाही. २०२१ मध्ये या जातीच्या ८३ विमानांची मागणी नोंदविण्यात आली आणि त्याच वर्षी त्यांच्यासाठी ९९ इंजिनांचा करार झाला. त्यांतले पहिले इंजिन भारताच्या हाती पडण्यास मार्च २०२५ उजाडले. दरम्यान विमानांचे सांगाडे तयार होऊन इंजिनांची वाट पाहत उभे राहिले. आणि २६ सप्टेंबर २०२५ रोजी मिग-२१ विमानांनी अखेरचा निरोप घेतला तेव्हा, ४२ तुकड्या मंजूर असलेल्या आपल्या हवाई दलाकडे लढाऊ विमानांच्या केवळ २९ तुकड्या उरल्या. या विलंबामागे कोणाचा दुष्ट हेतू होता, असे आम्ही म्हणत नाही. आमचे म्हणणे एवढेच की, जेथे पुरवठादाराची नुसती अडचणही आपली तलवार म्यानात अडकवून ठेवू शकते, तेथे त्याची नाराजी काय करील, याचा विचार ज्याचा त्याने करावा.

हा प्रश्न आजच निकडीचा का झाला? जगातील बलाढ्य राष्ट्रांची परस्परांशी असलेली झुंज पुन्हा उघड्यावर आली, म्हणून. डिसेंबर २०१७ मध्ये अमेरिकेने आपले राष्ट्रीय सुरक्षा धोरण प्रसिद्ध केले. महासत्तांच्या स्पर्धेचे युग परतले असून चीन व रशिया हे आपले प्रमुख प्रतिस्पर्धी आहेत, असे त्यात स्वच्छ नमूद होते. त्या दिवसापासून दिल्लीतील अनेक विचारवंतांच्या मनाने असा कौल दिला की, चीनला आवर घालण्यासाठी अमेरिकेस भारताची गरज आहे आणि म्हणून आपले स्थान आता पक्के झाले. पण आठ वर्षांनी, डिसेंबर २०२५ मध्ये, त्याच अमेरिकेचे नवे धोरण बाहेर आले आणि त्यात अग्रपूजेचा मान मिळाला तो आशियास नव्हे, तर अमेरिकेच्या स्वतःच्या गोलार्धास! त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये, रशियाचे तेल खरेदी केल्याबद्दल दंड म्हणून, अमेरिकेने भारतीय मालावरील जकात ५० टक्क्यांवर नेली होती. आणि गंमत अशी की, पुढे अवघ्या दोन महिन्यांत याच दोन देशांनी दहा वर्षांच्या संरक्षण सहकार्याचा करारही केला. एका हाताने दंड आणि दुसऱ्या हाताने दोस्ती! यात अमेरिकेला दोष देण्यात अर्थ नाही. तिने आपले हित पाहिले. प्रश्न आहे तो आपण आपले हित कोठे लिहून ठेवले आहे, हा.

रशियाचे उदाहरण घ्या. १९७१ च्या ९ ऑगस्टला झालेल्या मैत्री करारापासून ज्या देशाच्या शस्त्रांवर आपली सेना पोसली गेली, तो देश २०२२ पासून युक्रेनच्या युद्धात गुंतला. २०१८ मध्ये मागविलेल्या पाच 'एस-४००' संचांपैकी उरलेल्या दोहोंचा पुरवठा त्यामुळे रखडला. स्टॉकहोमच्या सुप्रसिद्ध शांतता संशोधन संस्थेच्या आकडेवारीनुसार, २०१० ते २०१४ या काळात भारताच्या शस्त्रआयातीत रशियाचा वाटा ७२ टक्के होता. २०२० ते २०२४ मध्ये तो ३६ टक्क्यांवर आला. अवलंबन वाटले गेले, हे चांगलेच झाले. पण एका सावकाराऐवजी तीन सावकार केल्याने कर्ज फिटत नाही, हेही ध्यानात ठेवले पाहिजे.

आणि चीन! १५ जून २०२० च्या रात्री गलवानच्या खोऱ्यात आपल्या २० जवानांनी प्राण दिले. त्यानंतर देपसांग व देमचोक येथील पेच सुटून करार होण्यास ऑक्टोबर २०२४ उजाडला. पण चीनचा हात केवळ हिमालयावरूनच येतो, असे नाही. २२ एप्रिल २०२५ रोजी पहलगाम येथे २६ निरपराधांची हत्या झाली. त्यांत महाराष्ट्रातीलही कुटुंबे उद्ध्वस्त झाली. त्यानंतर मे महिन्यात जो चार दिवसांचा संघर्ष झाला, त्यात समोर पाकिस्तान होता, पण त्याच्या हातातील विमाने व क्षेपणास्त्रे बव्हंशी चिनी होती. २०२० ते २०२४ या काळात पाकिस्तानने आयात केलेल्या शस्त्रांपैकी ८१ टक्के शस्त्रे चीनने पुरविलेली आहेत. आपल्या उपलष्करप्रमुखांनीच जुलै २०२५ मध्ये जाहीरपणे सांगितले की, त्या संघर्षात चीन पाकिस्तानला ताजी माहिती पुरवीत होता. म्हणजे सरहद्दी दोन असल्या तरी त्यांवरील रणभूमी एकच होऊ लागली आहे.

याहूनही बोलका प्रसंग त्याच एप्रिलमध्ये घडला. चीनने सात दुर्मिळ मृदा मूलद्रव्ये आणि त्यांपासून बनणारे लोहचुंबक यांच्या निर्यातीवर निर्बंध घातले. सुपारीएवढ्या चुंबकासाठी मोटारींचे कारखाने अडण्याची वेळ आली. चाकणसारख्या वाहननगरीतही चिंता पसरली. एक गोळी न झाडता दुसऱ्या देशाचा उद्योग रोखता येतो, हे चीनने दाखवून दिले. आणि ही मूलद्रव्ये आपल्याकडे नाहीत काय? केरळ, तामिळनाडू व ओडिशा येथील किनाऱ्यांच्या वाळूत त्यांचे मोठे साठे आहेत. ती काढण्यासाठी सरकारी कंपनी आपण १९५० मध्ये, म्हणजे प्रजासत्ताकाच्या पहिल्याच वर्षी, स्थापन केली होती! पण कच्चा माल हाती असणे वेगळे आणि त्याचे सामर्थ्यात रूपांतर करणे वेगळे. देशात चुंबक तयार व्हावेत म्हणून ७,२८० कोटी रुपयांची योजना मंजूर झाली ती नोव्हेंबर २०२५ मध्ये, म्हणजे ठेच लागल्यानंतर. पंचाहत्तर वर्षांत हा विचार कोणालाच सुचला नसेल, असे म्हणवत नाही. सुचला असणार, पण तो करणे ही राष्ट्राच्या संरक्षणाची बाब आहे, असे कोणत्याही अधिकृत कागदावर लिहिलेले नव्हते, आणि जे कोणाच्याही जबाबदारीत नसते ते कोणीच करीत नाही.

आम्हांस जे सांगावयाचे आहे ते नेमके हेच. स्वातंत्र्यप्राप्तीपासून २०२५ च्या अखेरपर्यंत भारताने आपले राष्ट्रीय सुरक्षा धोरण लेखी स्वरूपात देशापुढे कधीही ठेवले नाही. अमेरिकेत असा दस्तऐवज सादर करणे १९८६ च्या कायद्याने अध्यक्षांवर बंधनकारक झाले. जपानने तो प्रथम २०१३ मध्ये काढला व २०२२ मध्ये बदलला. जर्मनीने जून २०२३ मध्ये आपला पहिला दस्तऐवज प्रसिद्ध केला. इतकेच काय, ज्याच्या कारभारावर लष्कराची सावली कायम असते त्या पाकिस्ताननेही जानेवारी २०२२ मध्ये आपल्या धोरणाचा काही भाग लोकांसमोर मांडला. जगातील सर्वांत मोठी लोकशाही म्हणविणाऱ्या भारताने मात्र या बाबतीत मौनच पाळले. कारगिलच्या लढाईनंतर के. सुब्रह्मण्यम यांच्या अध्यक्षतेखालील समितीने आपल्या व्यवस्थेतील उणिवा परखडपणे मांडल्या. मंत्रिगटाने २००१ मध्ये तिन्ही दलांसाठी एक प्रमुख नेमण्याची शिफारस केली. ती अंमलात येण्यास २०२० चा पहिला दिवस उजाडावा लागला. २०१८ मध्ये राष्ट्रीय सुरक्षा सल्लागारांच्या अध्यक्षतेखाली संरक्षण नियोजन समिती नेमून तिच्याकडे सुरक्षा धोरणाचा मसुदा करण्याचे काम दिले गेले. त्या मसुद्याचे पुढे काय झाले, हे विचारण्याचा अधिकार या देशाच्या नागरिकास आहे.

लेखी धोरणाची कल्पना ही काही पाश्चात्त्यांची उसनवारी नव्हे. अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात रामचंद्रपंत अमात्यांनी जे आज्ञापत्र सिद्ध केले, ते दुसरे काय होते? शिवछत्रपतींपासून चार राजवटी पाहिलेल्या त्या वृद्ध मुत्सद्द्याने दुर्ग कसे राखावेत, आरमार का बाळगावे, व्यापारी म्हणून आलेल्या टोपीकरांच्या पाठीशी त्यांचे राजे कसे उभे असतात आणि म्हणून त्यांच्याशी किती सावधपणे वागावे, हे सारे लिहून ठेवले. त्या काळच्या महासत्तांच्या स्पर्धेचे इतके अचूक भान क्वचितच कोणी दाखविले असेल. पण ते आज्ञापत्र दप्तरात राहिले आणि राज्यकर्त्यांनी तात्कालिक सोय पाहिली. तुळाजी आंग्रे जुमानीत नाहीत म्हणून नानासाहेब पेशव्यांनी इंग्रजांना हाताशी धरले, आणि १७५६ मध्ये विजयदुर्गाच्या खाडीत मराठ्यांचे आरमार जळून गेले. जळाले ते आंग्र्यांचे, असे त्या वेळी पुण्यात वाटले असेल. प्रत्यक्षात पश्चिम समुद्रावरचे आपले कवच जळाले. पुढे ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने वसईच्या तहावर सही करून सहा हजारांची तैनाती फौज पदरी घेतली, तिच्या खर्चासाठी २६ लाखांचा मुलूख तोडून दिला आणि इंग्रजांस विचारल्यावाचून इतरांशी बोलणे करणार नाही, असे कबूल केले. संरक्षण विकत घ्यावयास गेलेला पेशवा स्वातंत्र्य विकून परतला. सोळा वर्षांनी राज्यच बुडाले.

आजच्या भारताची तुलना १८०२ च्या पुण्याशी करण्याचा वेडेपणा आम्ही करणार नाही. भारत हे अण्वस्त्रधारी, स्वाभिमानी आणि कोट्यवधी मतदारांच्या पाठिंब्यावर उभे असलेले राष्ट्र आहे. परकी फौज आज कोणी आपल्या छावणीत आणून बसविणार नाही. पण तैनाती फौज नेहमी गणवेश घालूनच येते, असे थोडेच आहे? ती इंजिनाच्या रूपाने येते, सुट्या भागांच्या रूपाने येते, चुंबकाच्या, संगणकीय प्रणालीच्या आणि तेलाच्या टँकरच्या रूपाने येते. ज्या देशाला आपल्या गरजेपैकी ८५ टक्क्यांहून अधिक खनिज तेल बाहेरून आणावे लागते, त्याने तर हा विचार रोज सकाळी करावयास हवा.

परक्यांच्या मदतीची मर्यादा काय असते, हे स्वतंत्र भारतानेही अनुभवले आहे. नोव्हेंबर १९६२ मध्ये अलिप्ततेचे उद्गाते पंडित नेहरू यांना अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांच्याकडे हवाई साह्याची याचना करावी लागली. तिला पुरते उत्तर मिळण्याआधीच चीनने एकतर्फी युद्धबंदी जाहीर केली. १९६५ मध्ये आपण आक्रमणाचा प्रतिकार करीत असताना अमेरिकेने आक्रमक आणि आक्रांत या दोघांचीही शस्त्रे सारखीच रोखली. १९७१ च्या डिसेंबरात तिच्या सातव्या आरमाराची 'एंटरप्राइझ' ही नौका बंगालच्या उपसागराकडे निघाली, तेव्हा पाठीशी सोव्हिएत करार होता, हे खरे. पण ढाक्यापर्यंत पोहोचले ते भारतीय जवानांचे पाय.

लेखी धोरणावर काही आक्षेप घेतले जातात. त्यांतला पहिला असा की, अशा गोष्टी जाहीर केल्याने शत्रू सावध होतो. पण लढाईचे आराखडे छापा, असे कोण म्हणते? धोरणाचा गुप्त भाग गुप्तच राहावा. उद्दिष्टे आणि अग्रक्रम मात्र देशाला ठाऊक असावेत. नोव्हेंबर १९६२ मध्ये सीमेवर तोफा धडाडत असताना संसदेचे अधिवेशन मुदतीआधी बोलावून युद्धावर उघड चर्चा झाली, म्हणून काही देश बुडाला नाही. उलट, त्या पराभवाची चिकित्सा करणारा हेंडरसन ब्रूक्स-भगत अहवाल दडवून ठेवल्याने आपण अधिक शहाणे झालो, असेही दिसत नाही. दुसरा आक्षेप असा की, लिहून ठेवले म्हणजे हात बांधले जातात आणि बदलत्या परिस्थितीत लवचीकपणा उरत नाही. हा युक्तिवाद विचारार्ह आहे. मित्र आणि शत्रू यांची कायमची यादी करणे खरोखरच घातक ठरेल. परंतु कोणाशी मैत्री करावी हे बदलत राहणार, म्हणूनच कोणत्या गोष्टीसाठी कोणावरही विसंबावयाचे नाही, हे आधी ठरवून ठेवणे अगत्याचे आहे. पायाखाली जमीन घट्ट असेल, त्यालाच मोकळेपणाने वळता येते. तिसरा आक्षेप असा की, सरकारला सारे ठाऊक असते, लिहिण्याची गरज नाही. ठाऊक असेलही, पण सरकारे बदलतात, सचिव निवृत्त होतात, सेनापती बदलतात. एकट्याच्या डोक्यात असलेले धोरण त्याच्याबरोबरच घरी जाते.

मग या दस्तऐवजात काय असावे? आमच्या मते त्याने तीन प्रश्नांची उत्तरे निःसंदिग्धपणे द्यावीत. पहिला प्रश्न, आपले मुख्य आव्हान कोणते? पाकिस्तानच्या कुरापतींना चोख उत्तर देणे आवश्यकच आहे. पण दीर्घकाळ पुरणारी तयारी कोणाच्या मापाने करावयाची? ते माप चीनचे असेल, तर रस्ते, बोगदे, उपग्रह, पाणबुड्या आणि प्रयोगशाळा यांचा हिशेब निराळा मांडावा लागेल. दुसरा प्रश्न, पैशाचा. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात संरक्षणासाठी सुमारे ६ लाख ८१ हजार कोटी रुपयांची तरतूद होती. त्यांतील भांडवली खर्चासाठी १ लाख ८० हजार कोटी आणि निवृत्तिवेतनासाठी जवळजवळ १ लाख ६१ हजार कोटी होते. ज्यांनी तारुण्य सीमेवर घालविले त्यांच्या निवृत्तिवेतनातील एक पैही कमी होता कामा नये. पण मनुष्यबळ आणि यंत्रबळ, भूदल आणि नौदल यांचे प्रमाण काय असावे, हे कोठेतरी ठरले पाहिजे. माझगावच्या गोदीत सहा पाणबुड्या बांधण्याचा करार २००५ मध्ये झाला; त्यांतली पहिली नौदलात दाखल झाली २०१७ च्या डिसेंबरात आणि सहावी २०२५ च्या जानेवारीत. वीस वर्षांत सहा पाणबुड्या! गोदीतील कामगाराच्या कौशल्याला आमचा मुजरा आहे. पण समुद्र कोणाचीही वीस वर्षे वाट पाहत नाही, हे मुंबईकरांस २६ नोव्हेंबर २००८ नंतर वेगळे सांगावयास नको.

तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. कोणत्या वस्तू आपण काहीही झाले तरी स्वतःच निर्माण करणार? सारेच घरी करू म्हणणे हा भाबडेपणा आहे. तसे जगात कोणालाच जमलेले नाही. म्हणून यादी छोटी असावी, पण ती पोलादी असावी. आमच्या मते तिच्या अग्रभागी लढाऊ विमानाचे इंजिन असावे. १९६१ मध्ये बंगळूरला 'मरुत' हे भारतात आखलेले पहिले जेट लढाऊ विमान आकाशात गेले. तेही योग्य ताकदीच्या इंजिनाअभावी शेवटपर्यंत दुबळे राहिले. १९८९ मध्ये 'कावेरी' इंजिनाचा प्रकल्प मंजूर झाला. २००८ मध्ये 'तेजस'पासून त्याची फारकत करावी लागली. अर्धशतकाहून अधिक काळ तोच एक धडा नियती आपणांस पुन:पुन्हा गिरवायला लावीत आहे, आणि आपण दर वेळी पाटी पुसून नव्याने श्रीगणेशा करीत आहोत. शास्त्रज्ञांची बुद्धी कमी पडली, असे आम्ही म्हणणार नाही. कमी पडली ती चिकाटी, आणि पंचवीस वर्षे न डगमगता पैसा पुरविण्याची राज्यकर्त्यांची हमी. अशी हमी घोषणेने येत नाही. ती संसदेने संमत केलेल्या कागदाने येते.

संसदेचा उल्लेख आम्ही मुद्दाम करीत आहोत. संरक्षण खात्याच्या मागण्या अनेकदा सभागृहात चर्चेविना संमत होतात. विरोधकांना प्रश्न विचारण्यात देशद्रोह दिसेल अशी भीती, आणि सत्ताधाऱ्यांना उत्तर देण्यात कमीपणा! या दोहोंमुळे राष्ट्राच्या जीवनमरणाचा विषय लाखोंच्या सभांत गाजतो आणि सभागृहात मात्र मुका राहतो. यशवंतरावांचे स्मरण येथे पुन्हा होते. त्यांनी सप्टेंबर १९६३ मध्ये लोकसभेपुढे पराभवाच्या कारणांविषयी निवेदन केले आणि मग १९६४ ते १९६९ या काळाची पहिली पंचवार्षिक संरक्षण योजना हाती घेतली. उणिवा कबूल करणे आणि त्या भरून काढण्याची योजना लिहून काढणे, ही त्यांची रीत होती. हिमालयाच्या हाकेला सह्याद्री धावून गेला, हे अभिमानाने सांगताना आपण ती रीतही सांगितली पाहिजे.

म्हणून सरकारने राष्ट्रीय सुरक्षा धोरणाचा जाहीर भाग संसदेपुढे ठेवावा, त्यावर चर्चा घडवावी, आणि दर पाच वर्षांनी त्याचा फेरविचार व झाल्या कामाचा जमाखर्च देशास सादर करावा, अशी आमची आग्रहाची मागणी आहे. विरोधी पक्षांनीही ती पक्षभेद विसरून उचलून धरावी. वॉशिंग्टनशी हस्तांदोलन करावे, मॉस्कोशी स्नेह राखावा, पेकिंगशीही बोलणे चालू ठेवावे; शहाण्या राष्ट्राला सर्व दारे उघडी ठेवता आली पाहिजेत. पण रात्री घराच्या आतून जी कडी लावावयाची, ती मात्र आपल्याच लोहाराने घडविलेली असावी. ओझरच्या धावपट्टीवरून ज्या दिवशी भारतीय विमान भारतीय इंजिनाच्या गर्जनेनिशी उडेल, त्या दिवसाची तारीख आज कोणी सांगू शकत नाही. ती तारीख निदान लिहून तरी काढा, एवढेच आमचे मागणे आहे.